बशीतला पुरावा आणि माणसाचा जीव

मधुमेहाच्या नव्या औषधांविषयी एक विधान गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे केले गेले आहे, की ते तपासून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. विधान असे: ही औषधे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना मरू देत नाहीत आणि कर्करोगाच्या पेशींना मात्र मारतात. परिषदांतली भाषणे, आरोग्याच्या पुरवण्या, मोबाइलवर फिरणारे संदेश, सगळीकडे ते थोड्याफार फरकाने भेटते. त्याचे उलटे रूपही तितकेच फिरते. जे औषध पेशींना मरू देत नाही, ते कर्करोगाच्या पेशींनाही मरू देणार नाही. म्हणजे ही इंजेक्शने घेणाऱ्याला आज ना उद्या कर्करोग होणारच. पहिले विधान ऐकून माणसे नसलेली आशा धरून बसतात. दुसरे ऐकून चालू असलेले चांगले औषध सोडून देतात. दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे: काचेच्या बशीत किंवा उंदराच्या शरीरात पेशींचे काय झाले, एवढ्यावरून माणसाचे काय होईल हे ठरवून टाकणे.

माझा मुख्य रोख पहिल्या विधानावर आहे, कारण ते शास्त्राच्या भाषेत बोलते आणि म्हणून खरे वाटते. पण आधी औषधांची ओळख करून घेऊ. जीएलपी-१ हे आतड्यात तयार होणारे संप्रेरक. त्याची नक्कल करणारी, बहुतेक टोचून घ्यायची औषधे हा पहिला गट: एक्झेनाटाइड, लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड आणि त्यांच्याच वाटेने पुढे आलेले टिरझेपाटाइड. दुसरा गट ग्लिप्टिन गोळ्यांचा. त्या याच संप्रेरकाला शरीरात जास्त वेळ टिकू देतात. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन आणि आपल्याकडे स्वस्त म्हणून सर्रास लिहून दिले जाणारे टेनेलिग्लिप्टिन हे सगळे त्यातले. तिसरा गट ग्लिफ्लोझिन गोळ्यांचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात.

यातली बरीच औषधे फार मोलाची आहेत, हे माझ्या टीकेतून झाकले जाऊ नये. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनच्या ७,०२० रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. मधुमेहाच्या औषधाने असे काही होते, हे त्याआधी इतके स्पष्ट कुणी पाहिले नव्हते. पुढच्याच वर्षी लिराग्लुटाइडच्या ९,३४० रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू २२ टक्क्यांनी घटले. सेमाग्लुटाइड मूत्रपिंडांना वाचवते हे २०२४ मध्ये सिद्ध झाले. हे सगळे माणसांत, प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी किंवा इंजेक्शनशी, तुलना करून, वर्षानुवर्षे मोजून मिळालेले आहे. माझे भांडण या औषधांशी नाही. ज्या कामाचा पुरावा त्यांच्याजवळ नाही त्याचे श्रेय त्यांना देण्याशी आहे.

आता पेशींच्या मरणाकडे येऊ. जखम होऊन, रक्तपुरवठा तुटून पेशी फुटते आणि मरते, ते एक मरण. दुसरे मरण पेशीच्या आतूनच ठरते: ती आपले सामान आवरते, आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी या शिस्तबद्ध मरणाला अॅपॉप्टोसिस हे नाव दिले. सी. एलेगन्स नावाच्या इवल्याशा कृमीची वाढ होताना शरीरात १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ नेमक्या ठरलेल्या वेळी मरतात. त्या मरणाचे नियम शोधणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले. माणसातही हीच यंत्रणा आहे. कॅस्पेज नावाची विकरे पेशी कापून काढतात आणि बीसीएल-२ सारखी प्रथिने त्यांना रोखून धरतात.

कर्करोगाच्या पेशी मरणाचा हा आदेश जुमानत नाहीत. मधुमेहात काही बीटा पेशींना, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना, तो वेळेआधीच मिळतो. एका रोगात मरण कमी पडते, दुसऱ्यात जास्त होते. ही मांडणी इतकी देखणी आहे, की एकच औषध दोन्हीकडचा तोल सावरत असेल असे मनाला लगेच पटते. पण बीटा पेशीतला बीसीएल-२ आणि गाठीतला बीसीएल-२ एकच प्रथिन आहे. ते वाढवणारे औषध एका ठिकाणी वाढवील आणि दुसऱ्या ठिकाणी आपणहून कमी करील, असे मानायला काहीतरी कारण हवे. ते कारण या विधानाच्या पुरस्कर्त्यांकडून मी कधी ऐकलेले नाही.

बीटा पेशींच्या बाजूचा पुरावा नीट पाहायला हवा, कारण विधानाचा हा भाग सगळ्यात भक्कम मानला जातो. २००३ मध्ये पीटर बटलर यांच्या गटाने १२४ मृत व्यक्तींची स्वादुपिंडे तपासली. लठ्ठ मधुमेहींत बीटा पेशींचे आकारमान तितक्याच लठ्ठ पण मधुमेह नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी कमी होते, सडपातळ मधुमेहींत ४१ टक्क्यांनी. नव्या पेशी बनण्याचा वेग कमी झालेला नव्हता; मरण्याचा वाढला होता. त्याच सुमारास उंदरांवरच्या आणि बशीत ठेवलेल्या मानवी बीटा पेशींवरच्या प्रयोगांत जीएलपी-१ किंवा एक्झेनाटाइड मिळालेल्या पेशी कमी मरतात असे दिसले. कॅस्पेजचा जोर उतरला, बीसीएल-२ वाढले. रोगात पेशी मरतात, औषध त्यांना वाचवते: दुवे जुळले आणि पुढची वीस वर्षे हे चित्र सरकपट्ट्यांवर झळकत राहिले.

पण हे चित्र माणसात उतरले का? जिवंत माणसाच्या बीटा पेशी मोजण्याची सोय दवाखान्यात नाही. त्या पेशी किती इन्सुलिन सोडतात एवढेच मोजता येते. औषध चालू असताना इन्सुलिन जास्त सुटले, तर पेशी वाचल्या असे म्हणता येत नाही. आहेत त्यांच्याकडून औषध जास्त काम करून घेत असेल. फरक कळण्याचा मार्ग एकच: औषध थांबवायचे आणि पाहायचे. पेशी खरोखर वाचल्या असतील तर औषध गेल्यावरही त्या असायला हव्यात.

हे करून पाहिले गेले आहे. एक्झेनाटाइड वर्षभर दिलेल्या रुग्णांत बीटा पेशींचे काम छान सुधारले आणि औषध थांबवून चार आठवडे होताच पूर्वीच्या जागी आले. तीन वर्षे घेतलेल्या थोड्या रुग्णांत थांबवल्यानंतरही किंचित फायदा उरलेला दिसला, तेवढा मी मान्य करतो. पण नंतर अमेरिकेत मुद्दाम याच प्रश्नासाठी राइझ नावाचा अभ्यास झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या किंवा नुकताच मधुमेह झालेल्या प्रौढांना वर्षभर वेगवेगळे उपचार दिले, त्यात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या जुन्या गोळीसोबत लिराग्लुटाइडही होते. चालू असताना त्याचा परिणाम सगळ्यात चांगला होता. थांबवून तीन महिन्यांनी मोजले, तर काही उरले नव्हते. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पेशी वाचवणारे औषध म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, त्याच्याविषयीची ही गोष्ट त्या ओळखीबरोबर क्वचितच सांगितली जाते.

आणखी एक गोष्ट हे चित्र ढासळवते. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाच्या चाचणीत ३०६ रुग्णांपैकी निम्म्यांना कमी उष्मांकाच्या आहाराने वजन उतरवायला लावले. वर्षअखेरीस त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांची साखर उतरली त्यांच्या बीटा पेशी पुन्हा कामाला लागल्या होत्या. मेलेली पेशी उठून कामाला लागत नाही. म्हणजे ज्या पेशी गेल्या असे आपण धरून चाललो होतो, त्यांतल्या बऱ्याच जिवंत होत्या, फक्त काम सोडून बसल्या होत्या. न्यूयॉर्कच्या डोमेनिको अॅच्चिली यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांत हेच दाखवले: ताण पडला की बीटा पेशी मरण्याऐवजी आपली ओळख टाकून कच्च्या अवस्थेकडे परत जातात. काही पेशी मरतात हे खरेच आहे. पण टाइप २ मधुमेहाची सगळी कथा पेशींच्या मरणाची नाही. मग ते मरण थांबवणाऱ्या औषधाची कथा तरी पुरी कशी ठरावी? सेमाग्लुटाइडने वजन उतरते, साखर उतरते, पेशींवरचा भार हलका होतो. फायद्याचा मोठा भाग एवढ्यावरूनच समजतो.

बीटा पेशी वाचवल्याचा पुरावा कसा असतो, हे पाहायचे तर टाइप १ मधुमेहाकडे जावे लागते. तिथे शरीराचीच संरक्षक यंत्रणा बीटा पेशींवर तुटून पडते. टेप्लिझुमॅब नावाचे औषध तिला आवरते. २०१९ च्या चाचणीत ७६ जणांपैकी काहींना ते फक्त १४ दिवस दिले गेले. हे सगळे लोक लवकरच टाइप १ मधुमेह होणार अशा अवस्थेत होते. प्लासिबो गटात रोग उघड व्हायला मध्यमानाने सुमारे २४ महिने लागले, औषधाच्या गटात ४८. चौदा दिवसांचे औषध आणि दोन वर्षांची सवड: पेशी वाचवल्या असे म्हणायचे असेल तर ते अशा पुराव्यावर म्हणावे.

आता कर्करोग. आधी भीतीची बाजू, कारण तिचा निकाल बराचसा लागलेला आहे.

भीती निराधार नव्हती. लिराग्लुटाइड दिलेल्या उंदीर-घुशींच्या थायरॉइडमध्ये सी-पेशींच्या गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापला जातो, आणि मेड्युलरी थायरॉइड कर्करोग स्वतःला किंवा घरात कुणाला असेल तर ती देत नाहीत. हा नियम पाळलाच पाहिजे. पण उंदरांच्या सी-पेशींवर जीएलपी-१ चे ग्राहक भरपूर असतात, माणसाच्या सी-पेशींवर फारच थोडे. २०२३ च्या सुरुवातीला एका फ्रेंच अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांत थायरॉइडचा कर्करोग अधिक दिसल्याने पुन्हा खळबळ उडाली. युरोपच्या औषध नियामकांनी उपलब्ध पुरावा तपासला आणि कारणसंबंध दिसत नाही असा निष्कर्ष त्याच वर्षी काढला. २०२४ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या १ लाख ४५ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत जोखीम लक्षणीय वाढलेली आढळली नाही.

स्वादुपिंडाचेही असेच झाले. ज्या पीटर बटलरांच्या गटाने मरणाऱ्या बीटा पेशी दाखवल्या होत्या, त्याच गटाने २०१३ मध्ये इशारा दिला की ही औषधे घेतलेल्यांच्या स्वादुपिंडात पेशींची वाढ बेबंद होते. अभ्यासात औषध घेतलेले अवयवदाते आठ होते. त्यांतले सात सिटाग्लिप्टिन घेणारे. आठ स्वादुपिंडांवरून जगभर बातम्या झाल्या. अमेरिकी आणि युरोपीय नियामकांनी स्वतंत्रपणे तपास करून २०१४ मध्ये जाहीर केले की कारणसंबंधाचा दावा उपलब्ध माहितीशी जुळत नाही. सिटाग्लिप्टिनची १४ हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी २०१५ मध्ये संपली, तेव्हा स्वादुपिंडाचा कर्करोग औषधाच्या गटात ९ जणांना झाला होता आणि प्लासिबोच्या गटात १४ जणांना.

सगळ्यात बोलके उदाहरण डापाग्लिफ्लोझिनचे. सुरुवातीच्या चाचण्यांत मूत्राशयाचा कर्करोग औषध घेणाऱ्या ६,०४५ जणांपैकी १० जणांना झाला, न घेणाऱ्या ३,५१२ जणांपैकी एकाला. दहा विरुद्ध एक हा आकडा कुणालाही घाबरवील. अमेरिकेने परवानगी लांबवली आणि २०१४ मध्ये दिली तीही इशाऱ्यासकट. मग १७,१६० रुग्णांची मोठी चाचणी झाली. तिच्यात मूत्राशयाचा कर्करोग औषधाच्या गटात २६ जणांना आणि प्लासिबोच्या गटात ४५ जणांना आढळला. आकडे उलटले होते. यावरून डापाग्लिफ्लोझिन मूत्राशयाचा कर्करोग टाळते असेही कुणी म्हणू नये. इतक्या कमी घटनांवरून कोणत्याही बाजूने उडी मारता येत नाही, एवढेच त्यातून घ्यायचे. आपल्याकडे २०१३ च्या जूनमध्ये पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या जुन्या गोळीवर मूत्राशयाच्या कर्करोगाच्याच भीतीने बंदी आली आणि जुलैअखेर इशारा छापण्याच्या अटीवर उठली. या दरम्यान गोळी बदललेल्या किंवा सोडलेल्या रुग्णांना कुणी नीट काही समजावले नाही.

आशेच्या बाजूची चूक याहून जास्त टिकाऊ आहे, कारण ती कुणाला चूक वाटत नाही. औषधाने कर्करोगाच्या पेशी मारल्या अशी बातमी आली की तिच्या मागे बहुतेक वेळा एक काचेची बशी असते. बशीत पेशी मारणे अवघड नाही. अवघड आहे ते रुग्णाला सोसवेल एवढ्या मात्रेत मारणे. मेटफॉर्मिनच्या नेहमीच्या डोसाने रक्तात त्याचे जेवढे प्रमाण होते, त्याच्या शेकडो पट प्रमाण कर्करोगावरच्या असंख्य प्रयोगांत वापरले गेले. तेवढे रक्तात पोचवायला गेलो तर रुग्ण आधी जाईल. शिवाय पेशी वाढवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका द्रवात ग्लुकोज डेसिलिटरला ४५० मिलिग्रॅम असते. अशा साखरपाकात पोहणाऱ्या, वर्षानुवर्षे बाटलीत जगलेल्या पेशींची गोष्ट परळच्या टाटा रुग्णालयात रांगेत बसलेल्या माणसाला जशीच्या तशी लागू करणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

मेटफॉर्मिन नवे औषध नाही, तरी त्याच्यापाशी मी थांबतो. नव्या औषधांविषयी आज जे बोलले जाते, ते सगळे त्याच्याविषयी आधी बोलून झाले आहे. २००५ मध्ये स्कॉटलंडच्या नोंदींवरून एक छोटा लेख आला: मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत कर्करोग कमी दिसतो. मग नोंदींवर आधारलेले अभ्यास एकामागून एक आले. काहींत कर्करोग निम्म्यावर आलेला दिसला. बशीतले प्रयोग सोबतीला होतेच. कार्यकारण स्पष्ट, यंत्रणा माहीत, औषध स्वस्त. पुढे २०१२ मध्ये सुइसा आणि अझुले या दोन संशोधकांनी दाखवले की यातल्या अनेक अभ्यासांत मोजणीचीच गफलत होती. एखादा माणूस मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारा म्हणून नोंदला जायचा, तर तेवढा काळ तो कर्करोगाशिवाय जगलेला असलाच पाहिजे. ज्याला आधीच कर्करोग झाला, तो त्या गटात पोचतच नाही. जगण्याचा तो काळ औषधाच्या खात्यावर जमा होतो आणि औषध रक्षणकर्ते ठरते.

खरा निकाल २०२२ मध्ये आला. स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांना, ज्यांना मधुमेह नव्हता, पाच वर्षे मेटफॉर्मिन किंवा प्लासिबो देण्यात आला होता. रोग परत येण्यात आणि मृत्यूत फरक पडला नाही. बशीत मरणाऱ्या पेशी, उंदरातल्या लहान होणाऱ्या गाठी आणि डझनावारी नोंदी एका बाजूला. चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या हजारो बायकांची चाचणी दुसऱ्या बाजूला. मी दुसऱ्या बाजूवर विश्वास ठेवतो.

हाच प्रकार आता नव्या औषधांबाबत घडताना दिसतो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या १६ लाखांहून अधिक मधुमेहींच्या नोंदींवरून बातमी झाली की जीएलपी-१ औषधांनी लठ्ठपणाशी जोडलेल्या १३ पैकी १० कर्करोगांची जोखीम कमी होते. मथळ्यात एक शब्द राहून गेला: इन्सुलिनच्या तुलनेत. इन्सुलिनवर गेलेला टाइप २ चा रुग्ण बहुधा जास्त जुना, जास्त थकलेला, इतर आजारांनी गांजलेला असतो. त्याच अभ्यासात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा जोखीम कमी झालेली दिसली नाही. इन्सुलिनच कर्करोग वाढवते म्हणून हा फरक पडला असावा, असे कुणी म्हणेल. पण ग्लार्जिन इन्सुलिनच्या १२,५३७ जणांच्या चाचणीत सहा वर्षांहून अधिक काळ पाहूनही कर्करोगात फरक आढळला नव्हता. वजन उतरल्याने काही कर्करोग कमी होणे अगदी शक्य आहे, तसे झाले तर मला आनंदच होईल. पण तो वजनाचा गुण असेल. औषधाने गाठीतल्या पेशी मारल्या हे त्यातून निघत नाही.

ग्लिफ्लोझिन गोळ्यांविषयीचा दावा अधिक विचार करण्याजोगा आहे. स्वादुपिंडाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गाठींत या गोळ्यांचे लक्ष्य असलेले प्रथिन आढळते. कॅनाग्लिफ्लोझिन पेशीच्या ऊर्जाकेंद्रातली एक पायरी अडवते आणि बशीत कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवते, तेही रुग्णाच्या रक्तात पोचू शकणाऱ्या प्रमाणात. मेटफॉर्मिनबद्दल हे म्हणता येत नव्हते. पण डापाग्लिफ्लोझिन त्याच गटातले असून तसे करत नाही. म्हणजे हा गुण एका रेणूचा आहे, गटाचा नाही. तरी लेखांत गट सरसकट कर्करोगविरोधी ठरतो. आणि कॅनाग्लिफ्लोझिनच्याच एका मोठ्या चाचणीत पायाची बोटे किंवा पाय कापावे लागण्याचे प्रमाण प्लासिबोच्या जवळपास दुप्पट दिसले. नंतरच्या चाचणीत ते तसे दिसले नाही. हे असे काही बशीत कळू शकत नाही, कारण बशीला पाय नसतात.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप येतो. बशी आणि उंदीर नाकारले तर नवे औषध येणार कुठून? मी ते नाकारत नाही. एक उदाहरण देतो. पीआय३के ही कर्करोगाच्या पेशींना जगवणारी वाट अडवणारी औषधे अपेक्षेपेक्षा कमी चालत होती. लुईस कॅन्टली आणि सिद्धार्थ मुखर्जी यांच्यासह काही संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांत दाखवले की ही औषधे साखर वाढवतात, त्यामुळे शरीर इन्सुलिन सोडते, आणि ते इन्सुलिन अडवलेली वाट पुन्हा उघडते. ग्लिफ्लोझिन गोळ्या किंवा अत्यल्प कर्बोदकांचा आहार देऊन इन्सुलिन खाली ठेवले, तर कर्करोगाचे औषध जास्त काम करते. इथे ग्लिफ्लोझिन स्वतः पेशी मारते असा दावाच नाही. प्रश्न नेमका आहे, तो माणसांवर तपासता येतो, आणि उत्तर येईपर्यंत कुणी रुग्णाला आश्वासन देत नाही. प्रयोगशाळेचे काम हेच: प्रश्न धारदार करणे.

कर्करोगाच्या पेशींना मरण देणारे औषध कसे असते, याचेही उदाहरण समोर आहे. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध थेट बीसीएल-२ वर बसते. रक्ताच्या एका कर्करोगासाठी २०१६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याने पेशी इतक्या झपाट्याने मरतात की त्यांच्या मोडतोडीतून सुटलेली रसायने मूत्रपिंडांना झेपत नाहीत, म्हणून डोस आठवड्याआठवड्याने वाढवत न्यावा लागतो. साखरेच्या गोळीने गाठी मरत असत्या, तर गेल्या पंधरावीस वर्षांत कोट्यवधी लोकांनी त्या घेतल्यावर याची काही तरी चाहूल वॉर्डात लागली असती.

हा वाद फक्त परिषदांत राहिला असता, तर मी इतके लिहिले नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. गोव्यात प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभराच्या कामातून दाखवले की आपला मधुमेही अनेकदा वरून किडकिडीत आणि आतून चरबी साठवलेला असतो; तरुणपणी मधुमेह झालेल्यांत इन्सुलिनच कमी पडण्याचा प्रकार इथे ठळक आहे. बीटा पेशी वाचवणारे औषध अशा माणसाला किती हवेहवेसे वाटेल! म्हणूनच ते नसताना आहे म्हणून सांगणे जास्त वाईट. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पेटंट संपल्यावर औषध स्वस्त होणे चांगलेच, पण त्याच्याबरोबर हे दावेही गावोगाव पोचतील.

आणि त्याची किंमत विशिष्ट माणसे मोजतात. केमोथेरपी चालू असलेल्या, जेवण न जाणाऱ्या रुग्णाने कर्करोगावर चालते असे ऐकून ग्लिफ्लोझिन गोळी सुरू केली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठून तो अतिदक्षता विभागात जाऊ शकतो. आधीच वजन झडत चाललेल्याने भूक मारणारे इंजेक्शन घेतले, तर उपचार सोसण्याची उरलीसुरली ताकद जाते. दुसऱ्या टोकाला, हृदय किंवा मूत्रपिंड अधू झालेला मधुमेही कर्करोगाच्या भीतीने ही औषधे सोडतो आणि ज्या मृत्यूपासून त्यांनी त्याला खरोखर वाचवले असते, त्याच्या तोंडी जातो.

व्यासपीठावरून बोलणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की पेशी वाचवते किंवा पेशी मारते असे म्हणताना त्याच वाक्यात कुणाच्या पेशी, बशीतल्या, उंदरातल्या की माणसातल्या, हे सांगावे. आरोग्याची पाने पाहणाऱ्या संपादकांनी तेवढा एक शब्द मथळ्यात जाईल असे पाहावे. वाचकांना सांगणे एवढेच: ही औषधे तुमच्या साखरेसाठी, वजनासाठी, हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी लिहून दिलेली असतील, तर कर्करोगाच्या भीतीने ती सोडू नका. कर्करोग बरा व्हावा म्हणून ती स्वतःहून सुरूही करू नका. मधुमेह आणि कर्करोग दोन्ही असतील, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधे दाखवा. आणि कोणतेही ऑपरेशन ठरले असेल, तर ग्लिफ्लोझिन गोळी किमान तीन दिवस आधी थांबवायची असते, त्याविषयी सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला स्वतःहून विचारा.